सगळ्यांची घंटा

लिंडाल, नॉर्थ डकोटा
नोव्हेंबर १९४१

प्रिय हालवर,

तुझं कार्ड पोचलं. पोस्टातून घरी येईपर्यंत बाबांनी ते वाटेत निदान तिघांना वाचून दाखवलं असणार, कारण माझ्या हातात आलं तेव्हा त्याचे कोपरे मऊ झाले होते. तू विचारलंयस, रेडिओवर माझा आवाज घरी कसा ऐकू आला, आणि लाइनवर सगळ्यांनी ऐकलं का. बाबांनी त्याचं उत्तर लगेच धाडलं, की आवाज खणखणीत आला आणि गावभर तुझंच कौतुक चाललंय. ते खोटं नाही. पण ते बाबांचं उत्तर झालं, माझं द्यायचं राहिलंय. पुढच्या महिन्यात तुला पुन्हा बोलायला बोलावलंय असं तू त्याच कार्डात लिहिलंयस, तेव्हा ते त्याआधी तुझ्या हातात पडलेलं बरं. मला पत्रं लिहायची सवय नाही हे तुला ठाऊक आहे. आजवर बाबांच्या पत्राखाली "नीट जेव, मोजे कोरडे ठेव" एवढंच खरडत आले. आज बाबा धान्य घेऊन एलेव्हेटरच्या कोठारावर गेलेत, धारा काढून झाल्यात, चुलीवर कॉफी आहे, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिसरा कागद फाडून हा चौथा घेतलाय.

त्या रविवारी घरात लग्न असल्यासारखी गडबड होती. सकाळपासून वारा पडलेला, त्यामुळे बाबांचा जीव वरखाली. वारा नाही तर छपरावरचा पंखा फिरणार नाही, पंखा फिरला नाही तर रेडिओची बॅटरी भरणार नाही, आणि बॅटरी भरली नाही तर तू बोलणार कुठून! चर्चमधून आल्या आल्या, कोटसुद्धा न काढता, शिडीवर चढून ते पंख्याला हाताने ढोसत होते. मी खालून ओरडले, "टॉर्गेर, पड आता खाली, म्हणजे पोराचं भाषण दवाखान्यातून ऐकशील." ते वरून म्हणाले, "बाई, तू तुझी भट्टी सांभाळ, मी माझा वारा सांभाळतो." दुपारी खरंच वारा सुटला. देवाने त्यांचंच ऐकलं म्हणून दिवसभर फुगून होते.

मग आपण दर रविवारी करतो तसं केलं. सगळ्या घरांच्या आपल्या या सामाईक फोनच्या लाइनवर चालता रेडिओ एकच, आपला. तो स्टुलावर ठेवून भिंतीवरच्या फोनच्या तोंडाशी नेऊन टेकवला, कानाचा भोंगा काढून लोंबता सोडला, आणि दांडी गरागरा फिरवून एक लांबच लांब घंटा दिली. सगळ्यांची घंटा. कुणाकडे आग लागली, वादळ येतंय, कुणी देवाघरी गेलं किंवा आपल्याकडे रेडिओ लागला, की ही घंटा. ती वाजली आणि कुणी फोन उचलला नाही असं मी कधी पाहिलं नाही. त्या दिवशी ती मी दिली. बाबा म्हणाले, "तुझा मुलगा आहे, तू दे." मी इतकी वेळ दांडी फिरवली की ओव्हर्सन म्हाताऱ्याला म्हणे गोठा पेटला असंच वाटलं.

त्यात मी एक गोष्ट जास्तीची केली, आणि तीच आता मला खाते आहे. सगळ्यांची घंटा द्यायच्या आधी मी दुकानाची घंटा दिली, तीन आखूड, आणि फिंकलांच्या बेलाला वेगळं सांगितलं, की आज मुळीच चुकवू नकोस, आपला हालवर बोलणार आहे. बेला केवढ्याने ओरडली म्हणून सांगू! म्हणाली, "आपला हालवर? रेडिओवर? थांब, इझिडोर बनियनवर झोपलाय, त्याला उठवून कोट चढवायला लावते. रेडिओवरच्या माणसासमोर असं बसतात का?" मी म्हटलं, "अगं, त्याला काय दिसणार आहे तुम्ही काय घातलंय ते." तर म्हणाली, "त्याला नाही दिसणार, पण मला दिसेल ना!" आम्ही दोघी हसलो. तू काय बोलणार आहेस ते मला माहीत नव्हतं, हालवर. मला वाटलं होतं, पोरांना लढाईवर पाठवू नका असं बोलशील. तेच बोलायला तुमच्या समितीची मंडळी जमतात अशी माझी समजूत होती, म्हणजे मी ती करून घेतली होती.

बेलाला तू विसरला असशील असं मी म्हणणार नाही. तू सहा वर्षांचा होतास आणि मला टायफॉइड झाला, तेव्हा तो अख्खा हिवाळा तू दुकानाच्या वरच्या खोलीत काढलास. मी बरी होऊन तुला घ्यायला आले तर तू माझ्याकडे यायला तयार नव्हतास, तिच्या परकराला चिकटून उभा. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. बेलाने तुला माझ्याकडे ढकललं आणि स्वतः आत निघून गेली. त्यांना मूल झालं नाही, हे मला माहीत होतं, पण ते तिला किती ठुसठुसतं ते त्या दिवशी कळलं. आणि तिचा इझिडोर, तुझे फिंकलकाका! तुझ्या आजीला मरेपर्यंत इंग्रजीचं एक वाक्य धड आलं नाही. गावात आलेल्या या माणसाने काय करावं, तर आपली नॉर्वेजियन शिकून घेतली, तीही आजीच्या डोंगराकडच्या हेलात. आजी म्हणायची, "आपल्या पास्टरपेक्षा हा बरा बोलतो, याचं निदान कळतं तरी." तिच्या दफनाला ते चर्चच्या दाराशी थंडीत टोपी घालून उभे राहिले आणि शेवटचं स्तोत्र सगळ्यांच्या बरोबरीने म्हणाले.

लढाई नको, हे म्हणण्यात मला काडीचीही लाज नाही. तू जन्मलासही नव्हतास तेव्हा निल्सकाका फ्रान्सला गेला आणि त्याच्याऐवजी तार आली. बाबांनी ती तार आजीला वाचून दाखवली, कारण तिला इंग्रजी येत नव्हतं, आणि मला वाटतं तेव्हाच बाबांच्या आत काहीतरी घट्ट मिटलं. म्हणून शाळेच्या खोलीत "आधी आपलं घर" समितीची पहिली सभा भरली, तेव्हा पहिला केक मीच नेला होता. बाया होत्या, म्हातारे होते, सगळ्यांच्या घरात एकेक वाढतं पोर. तेव्हा कुणी कुणाविषयी वाईट बोललं नाही. मग शहरातून तो स्वच्छ नखांचा गृहस्थ नकाशे घेऊन यायला लागला. लढाई नको, इथून सुरुवात झाली. पुढच्या खेपेला, लढाई हवी आहे ती कुणाला, हे आलं. त्याच्या पुढच्या खेपेला, जे हवी म्हणतात ते आपल्यातले आहेत का, हे आलं. आणि मग, त्यांना आपल्यात ठेवायचंच कशाला, हेही आलं. दर खेपेला कॉफी होती, केक होता, आणि तो माझाच होता. एवढ्या सावकाश चाललं होतं ते, की उठून जावं असा क्षण कुठे आलाच नाही. निदान मला दिसला नाही.

खरं तर दिसायला हवा होता. जर्मनांनी नॉर्वे घेतल्यापासून बाबांच्या चुलतभावाचं पत्र नाही. फिंकलकाकांच्या बहिणीचं लिथुआनियातून येणारं पत्र या उन्हाळ्यापासून नाही. दर शनिवारी दोघे पोस्टाच्या खिडकीपाशी उभे असतात, आणि दोघे रिकाम्या हाताने परत फिरतात. मी बग्गीत बसून कितीदा बघितलंय. पूर्वी एकमेकांना निदान "या आठवड्यात पण नाही?" एवढं तरी विचारायचे. या दोन-तीन महिन्यांत तेही बंद झालं, आणि बंद बाबांनी केलं. त्यांना म्हटलं तर म्हणाले, "आपले बापजादे समुद्र ओलांडून आले ते त्या भानगडी मागे टाकायला." मी म्हटलं, "मग पोस्टात कशाला जातोस?" तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता तुझ्या भाषणाचं सांगते. सुरुवात तू फार चांगली केलीस. निल्सकाकाचं सांगितलंस, आजीच्या हातातल्या तारेचं सांगितलंस. बाबांनी मान फिरवून खिडकीकडे बघितलं, आणि मी डोळ्यांना एप्रन लावला. एवढीशी होती ती जीभ, आणि आज अख्ख्या राज्याला ऐकू जाते आहे, असं मनात आलं. अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. आणि मग तू म्हणालास, आपल्या पोरांनी मरायचं ते कुणासाठी? गावोगाव काउंटरच्या मागे उभं राहून आपलं लोणी तोलताना तराजूवर अंगठा ठेवणाऱ्यांच्या परदेशी नातलगांसाठी? इथे तुमच्या सभेत टाळ्या पडल्या. मला वाटलं, हे त्या नकाशेवाल्याचं आहे, तुझ्या हातात कागद दिला असेल, तू नुसता वाचलास. आई काय, काहीही समजूत करून घेते.

पण त्याच्यापुढचं कुणी लिहून दिलेलं नव्हतं. ते कुणाला माहीतच नव्हतं. तू म्हणालास, "माझ्या लहानपणी आमच्या गावच्या दुकानात गोळ्यांची एक बरणी होती. दुकानदार मला हवी ती गोळी फुकट घेऊ द्यायचा. आज मला कळतं, की ती फुकट नव्हती. पोराच्या तोंडात गोळी घातली, की बापाचं तोंड आपोआप बंद होतं." आणि लोक हसले, हालवर. केवढे हसले. तू थोडा थांबलास, त्यांना हसू द्यायला. ते थांबणं तुझं स्वतःचं होतं, लहानपणी जेवणाच्या टेबलावर गंमत सांगताना थांबायचास तसंच.

तू नाव घेतलं नाहीस. आपल्या पंचक्रोशीत दुकान एक, बरणी एक आणि ज्यू एक. बाबा हसले, एकदाच, आणि माझ्याकडे न बघता कॉफी बशीत ओतायला गेले, ती सगळी टेबलावर. मला त्या क्षणी रेडिओ ओढून बाजूला करायचा होता. लोंबता भोंगा उचलून जागेवर ठेवला असता तरी पुरलं असतं, लाइन तुटली असती. दोन पावलांवर होता. मी एप्रनचं टोक हातात धरून उभी राहिले आणि तुझं भाषण शेवटपर्यंत ऐकलं. आणि सगळा वेळ माझ्या डोळ्यांपुढे बेला होती, फोनला कान लावून, आणि तिच्या खांद्याशी इझिडोर, रविवारचा कोट घालून.

भाषण संपलं तसं लाइनवर बोलणं सुरू झालं. खूप जणांनी फोन उचललेले असले की आवाज किती क्षीण येतात ते तुला माहीत आहे. त्या दिवशी मुंग्यांनी बोलावं तसे येत होते, म्हणजे सगळे होते, झाडून सगळे. सिग्ना काकू पहिली. "रॅग्ना, नशीब काढलंस बाई! काय बोलतो पोरगा!" मग ओव्हर्सनांची सून म्हणाली, "ते गोळीचं तर अगदी खरं. आमच्या पोरांनापण देतो की तो. मी म्हणतेच, एवढं प्रेम कशाला उतू जातंय." दुकान लाइनवर आहे हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. आपले लोक कुणाच्या तोंडावर वाईट बोलत नाहीत याचा आपल्याला केवढा अभिमान! पण फोनवर तोंड कुठे दिसतं. आणि मी काय बोलले माहितेय? मी सगळ्यांना "थँक्यू" म्हणाले. एकेकीला नाव घेऊन म्हणाले.

त्यानंतर गावात काय झालं ते बाबा तुला लिहिणार नाहीत, कारण त्यांच्या मते काही झालंच नाही. आणि एका अर्थी खरंय ते. कुणी दगड मारला नाही, काच फोडली नाही, दारावर काही लिहिलं नाही. आपण सभ्य माणसं. आपण फक्त जायचे थांबलो. सोमवारी दुकानासमोर एकही गाडी नव्हती. लोक मीठ आणि रॉकेल आणायला पार फेअरडेलपर्यंत जायला लागले, रस्ता हा असा, आणि वाटेत दुकानावरून जाताना हात मात्र करतात. सिग्ना काकू तर हसून हात करते. बाबाही फेअरडेलहून मीठ घेऊन आले. ओलं निघालं. मी ते तसंच टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "घाल आता मटणाला." त्यांनी ते चुलीवर वाळत टाकलं.

मंगळवारी मी लोणी घेऊन दुकानात गेले. आत चिटपाखरू नाही. फिंकलकाका नेहमीसारखे आपल्या भाषेत म्हणाले, "ये रॅग्ना, थंडी वाढली." बरणी काउंटरवर नव्हती. तिच्या जागी लाकडावर गोल डाग तेवढा होता, आणि मी तिकडे बघतेय हे बघून त्यांनी त्यावर पुडक्यांचा कागद ठेवला. बेला कुठाय विचारलं, तर म्हणाले, वर आहे, डोकं दुखतंय. मग त्यांनी लोणी तराजूवर ठेवलं, आणि दोन्ही हात मागे घेऊन पाठीशी बांधले. एक पाऊल मागे सरले. म्हणाले, "काटा तूच बघ, रॅग्ना." वीस वर्षं मी या माणसाकडे लोणी घालतेय. वीस वर्षांत तो काटा मी कधी बघितला नव्हता. मला तो दिसेचना, डोळे भरून आले होते. मी काहीतरी आकडा बोलले. ते म्हणाले, "नाही, त्याहून जास्त आहे," आणि तेव्हाही हात मागेच. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तुझ्या वतीने माफी मागावी म्हणून तोंड उघडलं, तर ते मध्येच म्हणाले, "मुलगा मोठा झाला. छान मांडणी करतो." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोसला असता.

वसंतात ते मिनियापोलिसला बेलाच्या भावाकडे जायचं म्हणताहेत. मला दुकानात नाही सांगितलं, पोस्टमास्तरकडून कळलं. एवढ्या वर्षांचं बस्तान, ते उठवायचं म्हणजे काय याचा विचार कर. आणि उठवायला काय लागलं? घटकाभराचं भाषण आणि एक घंटा. भाषण तुझं आणि घंटा माझी.

गुरुवारी चर्चच्या तळघरात महिला मंडळाची बैठक होती, ल्युटफिस्क माशाच्या जेवणाची. दर वर्षी फिंकल दोघं येतात, मासा खात नाहीत, लेफ्साच्या पोळ्या आणि बटाटे खातात, आणि इझिडोर मासा भिजवणाऱ्या म्हाताऱ्यांची चेष्टा करतात की धुण्याच्या सोड्यात भिजवलेली गोष्ट खायला फार मोठी श्रद्धा लागते. यंदा सिग्ना काकू पेल्यात साखरेचा खडा बुडवत म्हणाली, "मला स्वतःला काही हरकत नाही हं. पण त्यांनाच बिचाऱ्यांना अवघडल्यासारखं होईल." सगळ्या माना हलल्या. किती गोड बोलली, हालवर. मी म्हटलं, "मग मलाही अवघडल्यासारखं होईल, तेव्हा लेफ्सा लाटायला यंदा दुसरी बघ." आणि कोट घालून बाहेर आले. फार मोठं काही केलं असं समजू नकोस. चार दिवस उशिरा केलं, आणि ज्यांच्यासाठी केलं त्यांना त्याचा उपयोग शून्य.

घरी बाबांना ते माझ्या आधी कळलं होतं, फोनवरून. ते म्हणाले, "पोरगा तत्त्वाचं बोलला. नाव घेतलं का त्याने?" मी म्हटलं, "नाव घ्यायला गावात दुसरा आहे कोण?" ते म्हणाले, "तुला काय, पोराला लढाईवर पाठवायचंय?" मी म्हटलं, "टॉर्गेर, निल्सला इझिडोरने मारलं नाही." त्यावर ते गोठ्यात गेले आणि जेवायच्या वेळेपर्यंत आलेच नाहीत. बाबांवर रागावू नकोस. ते वाईट नाहीत. आता गावात जाताना दुकानाची गल्ली चुकवून लोहाराकडून वळसा घालतात, घोडी बिचकते म्हणतात. घोडी कशालाही बिचकत नाही. माणसाला जे कळलेलं असतं ते कबूल करायला त्याला किती लांबचा वळसा घ्यावा लागतो, ते मी रोज बघतेय. त्यांच्या वयाला तो वळसा कदाचित पुरा होणार नाही. तू एकोणीस वर्षांचा आहेस.

तुझा तो समितीच्या भुऱ्या शर्टातला फोटो बाबांनी ऑर्गनवर ठेवलाय. बाहीवरचा बिल्ला मीच शिवलेला, टाका किती बारीक घातलाय ते फोटोतसुद्धा दिसतं. धूळ पुसताना मी त्याला हात लावते, कारण चेहरा तुझा आहे. मग लाज वाटते. तुझी वाटते आणि तुझी लाज वाटते याची वाटते. तू माझ्या पोटचा, तुझ्यासाठी मान खाली घालायची वेळ येईल असं मी कधी मनातही आणलं नव्हतं. आणि तरी कुणी तुझ्याबद्दल वाकडं बोललं, तर मीच त्याच्या अंगावर धावून जाईन. असं दोन्ही एकाच काळजात ठेवून पाव भाजणं सोपं नाही.

हे सगळं लिहिलं, पण मी पत्राला बसले ते यातल्या कशासाठीच नाही. मला एक निरोप पोचवायचा होता, आणि तो पोचवायचं धैर्य होत नव्हतं म्हणून इतके दिवस गेले. त्या रविवारी सगळ्यांचं कौतुक करून झालं, एकेक जण फोन ठेवत गेला. फोन ठेवले जातात तशी लाइन मोकळी होत जाते, आवाज स्वच्छ होतो. शेवटी लाइनवर एकच जण राहिलंय हे मला श्वासावरून कळलं. माझ्याने भोंगा ठेववेना, आणि बोलवेनाही. मग बेलाचा आवाज आला, अगदी कानाशी. म्हणाली, "रॅग्ना, आहेस ना? पोराचा घसा बसलाय. शेवटी शेवटी खरखर येत होती, ऐकलीस ना तू? त्याला लिही, रात्री गरम दुधात मध घालून घे, आणि असल्या थंडीत सभांना उघड्या डोक्याने फिरू नकोस." एवढं बोलून तिने फोन ठेवला. आम्ही सगळ्यांनी तुझं भाषण ऐकलं, हालवर, पण तुझा घसा बसलाय हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. तिचा निरोप हा असा आहे. तिला तुझ्याकडून काय सांगू, ते कळव.

तुझीच, जशी आहे तशी,
आई